८८ किलोंचा हिशेब : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

काल आपल्या खात्याचं पत्र मिळालं. पऱ्हाट्यांपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांपासून, सक्रिय कार्बन (पाणी शुद्ध करायचा कोळसा) करणाऱ्या माझ्या भट्टीचं अनुदान रोखलंय. कारण असं : '१०० किलो पऱ्हाट्यांपासून केवळ १२ किलो उत्पादन. उर्वरित ८८ किलो मालाचा हिशेब लागत नाही.' थोडक्यात, मी चोर.

हिशेब देतो, साहेब. पऱ्हाट्या बंद पिंपात, हवा लागू न देता पाचशे अंशांच्या आसपास तापवल्या की पाणी, वायू आणि डांबर निघून जातं. साधारण चौथा हिस्सा कोळसा उरतो. हा झाला साधा कोळसा. त्याचा सक्रिय कार्बन करायचा तर ८५०-९०० अंशांवर वाफ सोडावी लागते. वाफ कोळशाला आतून खाते. खाल्लेला कार्बन वायू होऊन उडतो, मागे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. वजन पुन्हा निम्मं. पण त्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर एका ग्रॅमला हजारेक चौरस मीटर भरतात म्हणे. मी काही टेप लावून पाहिलेलं नाही. पाण्यातला रंग, वास, कीटकनाशकं चिकटतात ती याच भिंतींना. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते भोकांचे! आपल्या निरीक्षकांना वजनच हवं असेल तर वाफ बंद करतो, २५ किलो कोळसा देतो. शेकोटीला बरा.

हे त्यांना भट्टीपाशी उभं राहून सांगितलं होतं. ते मोबाइलवर बोलत होते.

१९ महिने झाले. वाफेच्या नळीनं उजवं मनगट भाजलं, त्याची कातडी अजून ओढते. गोळा केलेल्या पऱ्हाट्या परवानगीची वाट बघत पावसात कुजल्या. बायकोनं भट्टीचा विषय घरात काढायला बंदी केलीय, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. शेतात काडी लावून दिली असती तर एका संध्याकाळीत मोकळा झालो असतो. धुराचा हिशेब कोण मागतो?

आपल्या योजनेच्या पुस्तिकेत पहिलं नाव भाताच्या तुसाचं. तुसात सिलिका एवढी, की राखच वजनाच्या १५ ते २० टक्के निघते. ती काढायला वेगळी प्रक्रिया लागते. करवंटीसारखा उत्तम माल मात्र शेवटच्या पानावर. पुस्तिका लिहिणाऱ्यानं भट्टी पाहिलीय का? योजना लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे, आणि भाजणारे आम्ही. 'काडीही वाया जाऊ देणार नाही' असं आपण व्यासपीठावरून म्हणालात, तेव्हा पहिल्या रांगेत मीच टाळ्या वाजवत होतो. तेव्हा मनगट धड होतं.

अनुदान नंतर बघू. आधी त्या पत्रातलं ८८ किलोंचं वाक्य मागे घ्या. खात्री नसेल तर एक माणूस पाठवा, पिंप भरण्यापासून कार्बन थंड होईपर्यंत थांबणारा. काटा त्यानं स्वतःचाच आणावा.

आपला,
एक भट्टीवाला शेतकरी