विषय: शालेय रोबोटिक हाताचा निकामी सांधा आणि परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,
स. न. वि. वि.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. तुमची कंपनी उपग्रह बांधते, अंतराळात चालणारे रोबोटिक हात बनवते आणि शाळांसाठी सहा सांध्यांचा, टेबलावर बसणारा हात विकते. तो हात आम्ही जुलैत १ लाख ४८ हजार रुपयांना घेतला. ऑक्टोबरात त्याचे कोपर निकामी झाले. वॉरंटी एक वर्षाची आहे. तीनदा तक्रार नोंदवली. कोणी आले नाही, कोणी फोनही केला नाही, आणि तिन्ही वेळा तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली.

हे पैसे कुठून आले ते आधी सांगते. ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री पीएसएलव्ही-सी६० रॉकेट उडाले, ते आमच्या मुलांनी जागून पाहिले. त्याच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने सात सांध्यांचा, सुरवंटासारखा चालणारा हात पाठवला होता. दुसऱ्या दिवसापासून, शाळेत असा हात हवा म्हणून, मुलांनी माझी पाठ सोडली नाही. माजी विद्यार्थ्यांनी दिले, देवस्थान समितीने दिले, आणि २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर ज्यांचे ट्रक कितीतरी दिवस दारात उभे राहिले, त्या पालकांनीही पाचशे-पाचशे रुपये आणून दिले. त्यांच्यासमोर मला रोज उभे राहावे लागते.

आता बिघाड. क्यूबसॅट या लहान उपग्रहाचे माप दहा सेंटिमीटरचा घन. त्याच मापाची पोकळ पेटी एका मुलीच्या वडिलांनी फणसाच्या फळीतून करून दिली. ते मेस्त, म्हणजे सुतार आहेत. ती पेटी उचलून दुसऱ्या स्टँडवर ठेवायची, एवढाच प्रयोग. अकराव्या आठवड्यात हात लांब केला की कोपरातून कर्र कर्र आवाज येऊ लागला. मग एका दुपारी हात पेटीसकट खाली बसला. मोटर फिरत होती, हात हलत नव्हता.

तुमच्या पहिल्या उत्तरात ‘क्षमतेपेक्षा जास्त वजन’ असे कारण दिले. मुलांनी पेटी पसरकाराच्या (वाण्याच्या) तराजूवर तोलली: ३१० ग्रॅम. तुमच्या माहितीपत्रकात पूर्ण लांब केलेल्या हाताला ५०० ग्रॅम झेपतात असे छापले आहे. हात लांब असताना खांद्यावर आणि कोपरावर सर्वांत जास्त ताण येतो, हे आम्ही बलाघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, शिकवतानाच सांगतो. म्हणून तर तुमचा ५०० चा आकडा पाहून मी निर्धास्त होते.

दुसऱ्या उत्तरात ‘दमट हवेमुळे गंज’ असे म्हटले. सत्तरीचा पाऊस मला माहीत आहे. म्हणूनच तो हात पहिल्या दिवसापासून लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला, आणि वह्यांना बुरशी येऊ नये म्हणून आम्ही लावतो तसा बल्ब आत रात्रंदिवस पेटता ठेवला. तुमच्या तंत्रज्ञाने चॅटवर परवानगी दिल्यावर, दोन पालकांसमोर कोपराचे चार स्क्रू काढले. स्क्रूवर गंजाचा ठिपका नाही. आतला गिअर पांढऱ्या प्लास्टिकचा निघाला. त्याचे तीन दात मुळापासून गेलेले, आणि ग्रीसमध्ये पांढरा भुगा पिठासारखा मिसळलेला. माहितीपत्रकात ‘सर्व सांध्यांत धातूचे गिअर’ असे शब्द आहेत. माझी खरी तक्रार ही आहे: जे सांगितले ते दिले नाही.

स्पेस शटल या अंतराळयानावरचा कॅनडाआर्म हा रोबोटिक हात जमिनीवर स्वतःचे वजनही उचलू शकत नव्हता, कारण तो वजनरहित अवस्थेसाठी बनवला होता. तुमच्या हाताचेही तसे असेल तर तसे लिहावे, कोणाची हरकत नाही. त्याच घराण्यातला कॅनडाआर्म२ २००१ पासून अंतराळ स्थानकावर काम करतो आहे. २०२१ मध्ये कचऱ्याच्या कणाने त्याच्या आवरणाला भोक पाडले, तरी तो चालत राहिला. या क्षेत्रातली कंपनी म्हणून मी तुमच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणाचा हात निम्म्या किमतीत मिळत होता.

आमची मागणी अशी. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी. कोपराचा सांधा धातूच्या गिअरसह, वाहतूक खर्च तुम्ही सोसून, बदलून द्यावा, आणि बाकीचे पाच सांधे तुमच्या माणसाने इथे येऊन तपासावेत. त्यांच्यातही प्लास्टिकच असेल तर पूर्ण रक्कम परत करावी. माहितीपत्रक दुरुस्त करावे, कारण इतर शाळाही ते वाचून खरेदी करत असतील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर शाळा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. व्यवस्थापन समितीने तसा ठराव घेतला आहे.

डिसेंबरात तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन आहे. आठ मुलांनी त्यासाठी नाव दिले आहे आणि ती अजून रोज मधल्या सुट्टीत कपाट उघडून हात पाहून जातात. निघालेला गिअर आणि भुगा मी डबीत जपून ठेवला आहे. तुमचा माणूस येईल त्याच्या हातात देईन. शनिवारी दुपारी एकपर्यंत मी प्रयोगशाळेत असते.

आपली विश्वासू,
विज्ञान शिक्षिका

सोबत: बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, गिअरचे फोटो, तिन्ही तक्रारींची उत्तरे