एमजीबीचा रेडिएटर : चि. मेघनास पत्र

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

खंडाळ्याचा घाट चढताना तुझ्या एमजीबीचा, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा, तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकतो, सिग्नलवर मात्र तो जागचा हलत नाही, असे तू लिहिलेस, त्यावरून दोष पंख्याचा नसून रेडिएटरच्या जाळीचा (पाणी गार करणाऱ्या नळ्यांचा) असावा असे मला वाटते. तुला ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर सुचवला गेला आहे, पण त्याची गरज नाही. एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बेसडरचे 1489 सीसीचे इंजिन ही बी-सिरीज या एकाच ब्रिटिश इंजिन-घराण्यातली, आणि दर्यापूर-अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात त्या ॲम्बेसडरी तांब्या-पितळेच्या साध्या रेडिएटरवरच धावत असत.

गाडी तू अकोल्याहून घेतलीस, हे येथे महत्त्वाचे आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले, की त्याच्या चपट्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि पाण्याची वाट बुजते. खात्री करायची असेल, तर इंजिन चांगले तापवून बंद कर आणि जाळीजवळून हळूच हात फिरव. जेथे गरम लागणार नाही, तेथल्या नळ्या तुंबल्या आहेत असे समजावे. तसे आढळले, तर वरची-खालची टाकी तीच ठेवून, मधली जाळी तेवढी नवी झाळून घ्यावी. त्यामुळे गाडीचे मूळ रूपही राहते.

काढताना घाई करू नकोस. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, कारण दाबाखालचे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम उसळते. रेडिएटर ज्या पत्र्याच्या चौकटीला जोडलेला असतो, तिच्यासकटच तो वर उचलावा लागतो. या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा पाना लागणाऱ्या बोल्टवर 13 मिमीचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो त्याच्या कडा गोल करून टाकतो (आपल्या गॅरेजमध्ये असे बोल्ट छिन्नीने काढायची वेळ येते, तेव्हा शिव्या मलाच घालाव्या लागतात). नवी जाळी लावलेला रेडिएटर परत बसवताना पंखा आणि जाळी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा धर, म्हणजे पंख्याच्या पात्याने जाळीच्या कोवळ्या पट्ट्या वाकणार नाहीत.

होज पाइप, क्लिपा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) त्याच वेळी बदल. थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहते, असे मिस्त्री लोक सांगतील. ते ऐकू नकोस, सकाळच्या गारव्यात इंजिन नीट तापतच नाही आणि त्याची झीज वाढते. इंजिनच्या ब्लॉकमधला गाळ वाहते पाणी सोडून निघेपर्यंत धुवावा, नाहीतर तोच नव्या जाळीत जाऊन अडकेल. शेवटी कूलंट आणि बॅटरीवाल्याकडचे डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळून भर, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवा काढ, आणि पहिली फेरी मारून गाडी गार झाली की पातळी पुन्हा पाहा.

तुझे बाबा