ब्राउझरचा आवाज परत आला, मनापासून आभार!
ब्राउझर मुका झाल्यावर वेळ काढून मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. लिनक्सवर डाउनलोड केलेली गाणी व्यवस्थित वाजत होती, फक्त ब्राउझरच गप्प. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल (कुठल्या प्रोग्रामचा आवाज कुठे जातो ते दाखवणारं साधन) उघडा, पण आधी व्हिडिओ चालू ठेवा' असं ज्यांनी सुचवलं त्यांचे तर विशेष आभार. आवाज चालू असेल तरच ब्राउझरची ओळ त्यातल्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये दिसते, हे फार मोलाचं! तिथे आवाजाची पट्टी छान नाचत होती, पण आवाज चालला होता एचडीएमआय केबलवाटे, स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे. प्रत्येक प्रोग्रामचं आउटपुट वेगळं लक्षात ठेवलं जातं. तेवढं बदललं आणि काम झालं. आईचा ऑनलाइन गीतापाठ पुन्हा सुरू झालाय. तिनेही तुम्हा सर्वांना आशीर्वाद सांगितलेत.