एकविसाव्या वर्षी १२ टन

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "समुद्रात किती मासे आहेत ते समुद्राला ठाऊक, तुमची समीकरणं काय कप्पाळ सांगणार?" तेव्हा हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना. शेवटी रात्री एक्सेल उघडलं.

एक समुद्र धरला. त्यात जास्तीत जास्त १००० टन मासळी मावते. मासळी विरळ असताना ती वर्षाला ४० टक्क्यांनी वाढते आणि दाटी होईल तसतशी वाढ मंदावत शून्यावर येते. हे समीकरण बेल्जियमच्या फेरहुल्स्टने १८३८ मध्येच मांडलं होतं, तेही माणसांच्या लोकसंख्येसाठी. यात गंमत अशी की साठा निम्म्यावर असताना वार्षिक भर सगळ्यात जास्त पडते. आपल्या समुद्रात ५०० टनांवर १०० टन. मुद्दल ५०० राखायचं आणि दरवर्षी १०० टन व्याज खायचं. कागदावर याहून देखणं काही नसेल.

आता त्यात मुद्दाम खोडी काढली. अंदाज बांधणाऱ्याचा हात दहा टक्के सैल सुटला आणि वर्षाचा कोटा १०० ऐवजी ११० टन ठरला, एवढंच. पहिल्या वर्षी साठा ४९०, दुसऱ्या वर्षी ४८०. दहाव्या वर्षी ३८७. इथवर कुणाच्या कपाळावर आठी पडणार नाही, कारण खऱ्या समुद्रात मोजणीतली चूकच याहून मोठी असू शकते. पंधराव्या वर्षी २९३. मग विसाव्या वर्षी ८९, एकविसाव्या वर्षी १२ आणि पुढच्या ओळीत उणे आकडा! मी सूत्र दोनदा तपासलं. सूत्र बरोबरच होतं. साठा घटतो तशी भर घटते, कोटा मात्र ११०वर अडून बसलेला. म्हणजे दर वर्षी मुद्दलात आधीपेक्षा मोठा हात घातला जातो.

मग तीच चूक दुसऱ्या तऱ्हेने केली. टनांऐवजी वाटा ठरवला. असेल त्या साठ्याच्या २० टक्के (५००तले १००) पकडायला हवे होते, पकडले २२. चूक तेवढीच, दहा टक्क्यांची. साठा हळूहळू उतरत ४५०वर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दरवर्षीची मासळी ९९ टन. शंभरात एक टन कमी, बस! तुझ्या फोनला माझं उत्तर हेच: आपण चुकणार हे गृहीत धरलं, तर कोणती चूक पचेल आणि कोणती बुडवेल, एवढं तरी समीकरण आधी सांगतं.

आता तू म्हणशील, वाटा काढायचा तर आधी साठा किती ते कळायला नको का? इथे मात्र तू बरोबर पकडलंस. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलँडच्या कॉड माशाचं नेमकं हेच झालं. कॅनडाचं धोरण तिथे वाट्याचंच होतं. पण साठ्याचा अंदाज बऱ्याच अंशी मोठ्या ट्रॉलरना, म्हणजे जाळी ओढत नेणाऱ्या जहाजांना, तासामागे किती मासळी मिळते यावरून बांधला जायचा. मासे घटले तरी उरलेले एकत्र गोळा होतात, आणि ट्रॉलर तर यंत्रं लावून ते थवेच शोधत फिरणार. त्यामुळे तासामागचा आकडा भरलेला दिसत राहिला. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार १९८०च्या दशकातच ओरडत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांचं म्हणणं कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. जुलै १९९२ मध्ये कॉड पकडण्यावर बंदी आली, सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून आणलेली ती बंदी उठली २०२४ मध्ये. मला यात गणितापेक्षा रकाने आखणाऱ्यांचा राग येतो.

जाता जाता, बँकेतल्या माणसाला आवडेल असं एक. कॉलिन क्लार्क या गणितज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की व्याजाचा दर देवमाशांच्या वाढीच्या दरापेक्षा पुरेसा वरचढ असेल आणि शेवटचा देवमासा मारणंही परवडत असेल, तर एकट्या मालकालासुद्धा सगळे मारून पैसे गुंतवणंच फायद्याचं ठरतं. म्हणजे हावरटपणा नको, निव्वळ चोख हिशेब पुरे! यावर तुझं काय म्हणणं ते सविस्तर लिही.

फाइल सोबत जोडलीय. पिवळे रकाने बदलायचे, बाकीच्यांना हात लावू नकोस. कोटा अगदी बरोबर ठेव, १०० टन. फक्त पहिल्या वर्षी समुद्र तापला किंवा अंडी वाया गेली असं समजून साठा ५०० ऐवजी ४५० टाक. मग रकाना खाली ओढत जा आणि साठा कितव्या वर्षी संपतो ते मला कळव.

तुझाच,
रात्री आकडे ओढत बसणारा