स्पिरिटच्या कापसाचा डबा अजून तिथंच

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी ३० वर्षं स्टाफ नर्स म्हणून ड्युटी केली, आता रिटायर आहे. मागच्या आठवड्यात नातवाला ताप आला म्हणून एका दवाखान्यात नेलं, तर इंजेक्शनच्या टेबलवर तोच स्टीलचा डबा, स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे, आणि येईल तो त्यातच हात घालतोय. आम्हीपण वर्षानुवर्षं हेच केलं, शिकवलंच तसं होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच स्पष्ट लिहिलंय की असे भिजवून ठेवलेले बोळे वापरू नका, कारण सारखे हात लागून तो डबाच जंतूंचं घर होतो. कापूस ऐनवेळी ओला करायचा, पुसल्यावर कातडी सुकू द्यायची, तेवढी ३० सेकंदंसुद्धा आपण थांबत नाही.

कमरेच्या इंजेक्शनचंही तेच. मागच्या बाजूला सायटिक नस जाते, जागा चुकली तर पाय लुळा पडू शकतो, पंजा उचलता येत नाही असं पोर मी वॉर्डात बघितलंय आणि त्याच्या आईचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून आता मोठ्या माणसाला बाजूची जागा सांगतात, खुब्याच्या हाडावर तळवा ठेवायचा, दोन बोटं फाकवायची आणि मधे सुई, तिथं मोठी नस नाही की रक्तवाहिनी नाही. तान्ह्या बाळाला मांडीतच. लस देताना दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायचीही गरज नाही, उलट बाळाला जास्त दुखतं. हे आमच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या एएनएम (परिचारिका) ताईंना ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण खाजगी दवाखान्यातल्या मुलींना कोण सांगणार? कित्येक जणी तर नर्सिंगचा कोर्स न करताच तिथं कामाला लागलेल्या असतात.

सगळ्यात जीव तुटतो तो सुईला परत टोपण लावताना बघून. मला तशीच टोचली होती, नाईट ड्युटीला. तेव्हा काय करायचं हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं, तीन महिने घरी कुणाला न सांगता रडत काढले. आता पीईपीची, म्हणजे सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं आहेत, पण ती ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकं बरं, शिवाय हिपॅटायटिस बी ची लस आधीच घेतलेली पाहिजे, कारण त्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असतो. टोपण लावायचंच नाही, हब कटरने, म्हणजे सुई कापायच्या छोट्या यंत्राने, सुई तोडायची आणि पांढऱ्या टणक डब्यात टाकायची.

एकच सुई अनेकांना टोचल्याने काय होतं ते उत्तर प्रदेशातल्या उन्नावमध्ये २०१८ साली सगळ्यांनी बघितलं, गावोगाव सायकलवर फिरणाऱ्या एका बोगस डॉक्टरवर आरोप झाला आणि कितीतरी माणसं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली.

माझं एवढंच मागणं आहे की प्रत्येक दवाखान्याने, खाजगी असो की सरकारी, वर्षातून एकदा तरी नर्सना ड्युटीच्या वेळेतच हे नवीन शिकवावं, सुट्टीच्या दिवशी बोलवून नाही. सीनियर सिस्टर "आम्ही असंच करत आलोय" म्हणाली तर ज्युनिअरला पुढे बोलताच येत नाही, आणि ती सीनियर मीपण होते. पेशंटनेही गोळीने भागत असेल तर "डॉक्टर, सुई मारा ना" असा हट्ट धरू नये, आणि सुई नवीन पाकिटातून समोर काढायला सांगावं. आम्हाला राग येत नाही त्याचा.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, सातारा