पावती आधी, पैसे मागाहून

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : फी भरायच्या दिवशी शिष्यवृत्ती कुठे असते, याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, पोट भरतं ते फॉर्म भरून देण्यावर. दिवसभर मी गुजरातीत अर्ज लिहितो, पण ते सगळे दुसऱ्यांचे. आज स्वतःचा लिहायला बसलो तर हात मराठीकडेच वळला. सचिवालयात बडोद्याचा एखादा माणूस असेलच, तो वाचून दाखवील.

पूर्वी असल्या गोष्टीसाठी थेट मंत्र्यांना लिहायची पाळी येत नसे. आमच्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीला कारभार बघायला सेनेट होतं, सिंडिकेट होतं. पदवीधरांनी निवडून दिलेले सभासद रावपुऱ्यात नाहीतर खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटायचे, तिथेच त्यांना धरता यायचं. त्यांच्यात भांडणं फार, आणि कामापेक्षा राजकारण जास्त, हे मलाही कबूल आहे. पण २०२३ च्या पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्यानं ते सगळं गेलं. १९४९ चा आमच्या विद्यापीठाचा स्वतंत्र कायदाही गेला. आता भाजी घेताना भेटेल असं कुणी उरलं नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी चांगलं ते सांगतो. २०२४ पासून तुम्ही प्रवेशासाठी एकच पोर्टल आणलंत, जीकॅस. ३०० रुपये भरायचे आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना एकाच फॉर्मवर अर्ज करायचा. कल्पना सोयीचीच आहे. पूर्वी पोरं आणंदचा वेगळा, सुरतचा वेगळा, बडोद्याचा वेगळा फॉर्म भरत हिंडायची. आता रात्री मोबाइलवर स्वतः भरतात, आणि सकाळी चुका दुरुस्त करायला माझ्याकडे येतात. खरं सांगायचं तर जून महिना ही माझी दिवाळी असते. तुमच्या खात्याच्या गोंधळावर माझं दुकान चालतं, तेव्हा मी काही पूर्ण निःस्वार्थीपणे लिहीत नाही. उलट या पत्रात मागतोय ते झालं तर माझीच गिऱ्हाइकं कमी होतील.

चुका कसल्या असतात, त्याचा एक नमुना देतो. आमच्याकडे बडोद्याच्या मराठी घरात बापाच्या नावापुढे 'राव' लागतो. शाळेच्या दाखल्यावर सुरेशराव. रेशनकार्ड करताना समोरच्या गुजराती कारकुनानं प्रेमानं 'भाई' लावलं, तिथे सुरेशभाई. आधार कार्डावर नुसता सुरेश. मुलीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारमध्ये शेवटी. इंग्रजीत 'शिंदे' लिहिताना एका कागदावर शेवटी 'ई', दुसऱ्यावर 'आय'. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला चार दिसतात. मग प्रतिज्ञापत्र करा, स्टॅम्प आणा, नोटरीकडे जा. मी तीन गल्ल्या पलीकडच्या वकिलाकडे पाठवतो, आणि तो दिवाळीला मला मिठाईचा डबा पाठवतो.

पण नावांचा घोळ निस्तरता येतो. ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ती गोष्ट वेगळी.

गेल्या खेपेला एक मुलगी आली. आई चार घरी पोळ्या करते, वडील मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे कामाला. बारावी सायन्स, पर्सेंटाइल ८६. एका सरकारी विद्यापीठात तिला बी.एस्सी.ला जागा मिळाली. कुठलं विद्यापीठ, कुठला विभाग हे लिहीत नाही, कारण खिडकीवरच्या माणसाचा दोष नव्हता, त्याच्यासमोर जी स्क्रीन होती ती तो वाचत होता. गुरुवारी रात्री मोबाइलवर प्रवेशाचं पत्र दिसलं. शनिवारी दुपारपर्यंत फी भरायची होती. सगळी मिळून ११,४०० रुपये.

आई म्हणाली, "भाऊ, योजना आहे ने? तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणालो होतो. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, २०१५ पासून आहे. घरची वर्षाची आवक, म्हणजे उत्पन्न, सहा लाखांच्या आत, दहावीत किंवा बारावीत ८० पर्सेंटाइल. (ते ८० टक्के नव्हेत, पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असणं. गुणपत्रिकेवर तो आकडा वेगळा छापलेला असतो. किती आया '८० टक्के नाहीत आमच्याकडे' म्हणून फॉर्मच भरत नाहीत. मी दुकानाच्या दारावर कागद चिकटवलाय, तरी.) डॉक्टरकीच्या मुलांना दोन लाखांपर्यंत, इंजिनीअरिंगला ५० हजारांपर्यंत, आणि बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असल्या पदव्यांना ट्यूशन फीच्या निम्मे किंवा १० हजार, जे कमी असेल ते. योजना वाईट नाही. मी तिचे शेकड्यांनी फॉर्म भरलेत.

पण त्या फॉर्मबरोबर जोडायच्या कागदांत एक कागद असा आहे की तो नसेल तर फॉर्म पुढे सरकत नाही. फी भरल्याची पावती.

म्हणजे ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत, त्यानं आधी फी भरायची. मग पावती मिळेल, पावतीवर फॉर्म, फॉर्मवर पडताळणी, आणि त्यानंतर कधीतरी पैसे खात्यात. मी हे त्या बाईला समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता माझंच मला ऐकू यायला लागलं.

तिच्या बिशीचा नंबर दिवाळीनंतर होता. शुक्रवारी तिनं कानातले सोनाराकडे ठेवले आणि १० हजार आणले. वरचे चौदाशे एका घरच्या मालकिणीनं आगाऊ दिले. शनिवारी फी भरली. पावती घेऊन मुलगी माझ्याकडेच झेरॉक्स काढायला आली. पावतीवर सात ओळी होत्या, ट्यूशन, लायब्ररी, जिमखाना, परीक्षा, एनरोलमेंट आणि आणखी काय काय. ट्यूशनची ओळ ८,००० ची. योजनेला दिसते ती एवढी एकच. बाकीचे ३,४०० तिच्या आईचे.

पैसे आले, नाही असं नाही. एप्रिलमध्ये ४,००० रुपये आले. मधे दोन महिने कुठे अडकले होते म्हणाल तर आधार एका जुन्या जनधन खात्याला जोडलेलं निघालं, ते सोडून देतो. कानातले सोडवायला आई गेली तेव्हा सोनारानं महिना दोन टक्क्यांनी नऊ महिन्यांचं व्याज धरलं, १,८०० रुपये. मी झेरॉक्सच्या रद्दी कागदावर तो हिशेब केला. सरकारनं एका हुशार मुलीला ४,००० दिले, त्यातले १,८०० मंगळबाजारच्या मागच्या गल्लीत गेले. लाभार्थींच्या यादीत त्या सोनाराचंही नाव लिहायला हरकत नाही.

आणि ही फी भरू शकलेली मुलगी. शनिवारी दुपारी ज्यांचा पाय खिडकीपर्यंत पोचलाच नाही, ती मुलं तुमच्या कुठल्याच पोर्टलवर दिसत नाहीत. तिथे एवढंच येतं की जागा रिकामी झाली, पुढच्या फेरीत दुसऱ्याला दिली. २०२४ साली कॉमर्सच्या जागा कमी पडल्या तेव्हा गावात आंदोलन झालं, आणि मग जागा वाढल्या. जागेसाठी मोर्चा निघतो. फीसाठी निघत नाही, कारण ती प्रत्येक घराची आपापली लाज असते. तो मुलगा सरळ आजवा रोडवरच्या एखाद्या शोरूमला लागतो आणि विचारलं तर 'शिकायचा कंटाळा आला होता, काका' म्हणतो.

आता तुमचे अधिकारी म्हणतील, प्रवेश होण्याआधी पैसे कसे द्यायचे, उद्या पोरगा आलाच नाही तर? महोदय, याचं उत्तर तुमच्याच राज्यात, तुमच्याच डिजिटल गुजरात पोर्टलवर आहे. अडीच लाखांच्या आत आवक असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना फ्रीशिप कार्ड मिळतं. प्रवेशाआधी काढायचं, खिडकीवर दाखवायचं. फी तेव्हा भरावी लागत नाही, हिशेब मागाहून शिष्यवृत्तीतून चुकता होतो. मी ती कार्डं काढून देतो. त्यातही अडचणी येतात, पण त्या कार्डामुळे कुणाच्या आईला कानातले काढायला लागत नाहीत. हीच सोय युवा स्वावलंबनच्या मुलांना द्यायला काय हरकत आहे? पर्सेंटाइल गुजरात बोर्डाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आवकेचा दाखला मामलतदार कचेरीनं दिलाय, त्यावर नंबर आहे. दोन्ही तुमचेच. जीकॅसमध्ये फॉर्म भरतानाच समजायला पाहिजे की ही मुलगी योजनेत बसते, आणि प्रवेशाच्या पत्रावरच छापून यायला पाहिजे की हिच्याकडून ट्यूशन फीचा हा भाग घेऊ नये. त्यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. जे पैसे तुम्ही एप्रिलमध्ये देताच आहात ते जुलैत मोजा, एवढंच. फार तर विद्यापीठाला काही महिने थांबावं लागेल. विद्यापीठाला थांबायला परवडतं, चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईला नाही.

बडोद्यात तुमचं भाषण असलं की त्यात सयाजीराव महाराज येतातच. येऊ देत, आम्हाला बरं वाटतं. पण महाराजांनी भीमराव आंबेडकरांना पैसे कसे दिले, हेही एकदा भाषणात सांगा. एल्फिन्स्टनला शिकत असताना दरमहा २५ रुपये. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला निघाले तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन दहा वर्षं राज्याची नोकरी करीन असा करार लिहून घेतला. महाराजही काही भोळे नव्हते. पण न्यूयॉर्कची फी आधी भरून पावती बडोद्याला पाठवा, असं कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आम्ही बडोदेकर जरा हळू आवाजात सांगतो. १९१७ साली तेच भीमराव शिकून नोकरीवर परत आले आणि या गावात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत थोडे दिवस काढले, तिथूनही हुसकलं. कमाटीबागेत झाडाखाली बसले. आज तिथे त्यांचं स्मारक आहे, संकल्पभूमी. शिष्यवृत्ती दिली आणि छप्पर दिलं नाही, तर काय होतं ते आमच्या गावानं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय.

हे आठवायचं कारण असं की छोटाउदेपूर, दाहोद, नसवाडीकडून येणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न फीचा नसतोच, राहायचं कुठे हा असतो. योजनेत राहण्या-जेवणाला महिना १,२०० रुपये आहेत, तेही १० महिने. एवढ्यात फतेगंजला नुसता डबासुद्धा महिनाभर येत नाही. हॉस्टेलची यादी लागते तोवर कॉलेज सुरू झालेलं असतं. एक मुलगा तीन आठवडे रोज पहाटे एसटीनं बोडेलीहून यायचा आणि प्रॅक्टिकल संपल्यावर बस सुटू नये म्हणून पळायचा. एकदा त्याचं दप्तर माझ्याच दुकानात राहिलं. आत वही, टॉवेल आणि आवकेच्या दाखल्याच्या सहा झेरॉक्स. सहा का, तर कुठे मागतील सांगता येत नाही म्हणून.

तेव्हा मागणं एवढंच. मदत फी भरायच्या दिवशी हजर असावी. आणि ते १,२०० एकदा आजच्या बाजारभावाला लावून बघावेत.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला गेली. योजना चालू ठेवायला हजेरी ७५ टक्के आणि निकाल ५० टक्के लागतो, तिचे दोन्ही याहून बरेच वर आहेत. परवा रिन्यूअलला आली होती. फॉर्म भरून झाल्यावर मी विचारलं, या वर्षीची पावती आणलीस का. तिनं पर्समधून काढून दिली. आईचे कानातले कुठे आहेत ते मी विचारलं नाही.

सोबत एका फ्रीशिप कार्डाची झेरॉक्स जोडली आहे, नाव आणि नंबर झाकून. तुमच्या अधिकाऱ्यांना नमुना म्हणून उपयोगी पडेल. तिचे दोन रुपये धरले नाहीत.

आपला,
दांडिया बाजारातला एक झेरॉक्सवाला
बडोदे