मुलाच्या उपचारात घरच्यांनाही आत बसवा

महोदय,

मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल हल्ली बरंच छापून येतं. परीक्षेचा ताण, मोबाइल, समुपदेशकांची कमतरता, सगळं खरं आहे. पण ज्या माणसांबरोबर मूल चोवीस तास राहतं त्यांना उपचारात जागा किती, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या नातवाला एडीएचडी आहे, म्हणजे त्याचं लक्ष एका जागी टिकत नाही आणि तो सतत चुळबुळ करतो, म्हणून हे लिहिते.

आम्ही आधी ज्या केंद्रात जात होतो तिथे दारावरच पाटी होती : 'पालकांनी बाहेर थांबावे'. मूल पाऊण तास आत. बाहेर आलं की माझ्या सुनेला उभ्याउभ्या सांगायचे, "आज छान बसला, घरी सराव घ्या." कसला सराव, कसा घ्यायचा, आई कामावर असेल तेव्हा कुणी घ्यायचा? बाहेरच्या बाकावर बसलेल्या आयाच एकमेकींना शिकवायच्या. गोळीने भूक मेली तर खायला कधी द्यायचं, दिव्यांग प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, वर्गशिक्षिकेशी कसं बोलायचं, हे सगळं त्या बाकावर कळलं.

नंतर दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या ताईंनी माझा मुलगा, सून आणि मी, तिघांनाही आत बसवलं. "दप्तर भर, डबा घे, बूट घाल, चल लवकर" असं एका दमात सांगितलं तर हे मूल त्यातलं एकही करत नाही, हे त्यांनी आमच्यासमोर दाखवलं. मग त्याच्याजवळ गेल्या, नाव घेतलं, त्याने वर बघितल्यावर फक्त "बूट घाल" म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. मनात पाचपर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही. बूट पायात गेला की लगेच, "घातलास, शाब्बास." मग आम्हाला एकेक करून करायला लावलं. माझ्या मुलाने पाच मोजायच्या आत पुन्हा सूचना दिली, तर त्याला थांबवून परत करायला सांगितलं.

घरात तीन माणसांच्या तीन तऱ्हा होत्या, त्याची एक झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आईच्या वळणाचा दोष नाही, हे माझ्या मुलाने ताईंच्या तोंडून ऐकलं. "आईचं लक्ष नाही म्हणून पोरगं असं" हे भावकीतलं बोलणं त्यानंतर त्यानेच बंद पाडलं. सुनेने घरी येऊन हेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?

आपल्या देशाला हे नवीन नाही. १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत ठेवलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रातही घरच्या माणसाने रुग्णासोबत राहायची पद्धत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर अल्पवयीन मूल दाखल असेल तर पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहिलंच पाहिजे, असं कलम आहे. पण बहुतेक मुलं दाखल होत नाहीत, ओपीडीतून येऊन जातात. तिथे घरच्यांना आत घ्यायचं की नाही, हे समोरच्या माणसाच्या स्वभावावर ठरतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ नजीकच्या काळात मिळणार नाहीत. मग घरच्यांना शिकवायला हवं की नको? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात, पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत अडचण असलेल्या मुलांचं निदान आणि उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, पाठवतात. या केंद्रांत निदान झाल्यावर घरातल्या सगळ्या मोठ्यांसाठी एक बैठक ठेवावी, तीही रविवारी किंवा संध्याकाळी. रोजंदारीवरचा बाप मंगळवारी सकाळी अकराला कसा येईल? घरी काय करायचं ते साध्या मराठीत एका कागदावर लिहून द्यावं.

सरसकट सगळीकडे पालकांना बसवा, असं माझं म्हणणं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना समुपदेशकाशी एकट्याने बोलता आलंच पाहिजे. आणि घरातच कुणाचा जाच असेल तर त्या माणसाला दाराबाहेरच ठेवावं. हे ओळखणं तज्ज्ञांचं काम, आणि त्यासाठी त्यांना वेळ मिळायला हवा. एका सकाळी पन्नास केसपेपर समोर असतील तर तेही कुणाकुणाला आत बोलावणार?

आणखी एक सुचवते. बाकावरच्या त्या आयांपैकी ज्यांची मुलं सावरली आहेत त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं आणि आशाताईंसारखा मोबदला देऊन नव्याने आलेल्या पालकांसोबत बसवावं. जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतील.

आपली,
एक आजी, सातारा